बाभळीचा बुश

एरंडेल तापल्याचा वास आला की मला महाबळेश्वरच्या आमच्या हॉटेलातलं भांडी घासायचं म्हातारं मशीन आठवतं. नवी सून असताना मी कराडला माहेरी मिरवून आले होते, "आमच्याकडं भांडी मशीन घासतं," जणू ते मीच घडवलं होतं. माझी मावशी ते बघायला यायच्या आदल्या दिवशीच ते खरखरून बंद पडलं. आतला पाणी उडवणारा पंखा ज्यावर फिरतो, तो बुश झिजला होता आणि बनवणारी विलायती कंपनी कधीच बुडाली होती. माझं तोंड एवढंसं झालं. सासरे म्हणाले, "बैलगाडीचं बाभळीचं चाक एरंडेलावर फिरतंय, मग ह्यो का फिरायचा न्हाई?" त्यांनी जुन्या बाभळीचा तुकडा कानशीनं घासून हुबेहूब बुश केला, गरम एरंडेलात मुरवला आणि पाण्यानं लाकूड फुगणार म्हणून बसवताना केसभर ढिला ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशीसमोर मशीन असं गुमान फिरलं की मी पुन्हा ताठ झाले. लखलखीत ताटं बघून आणि एरंडेलाची हकिकत ऐकून मावशी सासऱ्यांना म्हणाली, "आवं पाव्हणं, आमची पोरबी भांड्याला हात लावत न्हाई. तिलाबी वाईच एरंडेल पाजा." तो बुश पुढं कितीतरी हंगाम टिकला. परवा नातीचं नवंकोरं मशीन अडलं, तिनं कंपनीला फोन लावला आणि मी गुपचूप कुंपणाची बाभळ बघून आले.