माती नव्हती, चिपाडे होती

मयताचे नाव : वामननाना, वय एकाहत्तर, हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, राहणार कर्वेनगर, चौथा मजला. घटना : गेल्या महिन्यातील एका मंगळवारी सकाळी, राहत्या घरी. साक्षीदार : पत्नी मालतीवहिनी, आणि वीस वर्षांचा स्नेही या नात्याने प्रस्तुत अर्जलेखक. तक्रार कोणाविरुद्ध, हा रकाना तूर्त कोरा सोडतो.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कचेरीच्या आवारातील माझ्या टेबलावर एका बाईंचा वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. “भाऊजी, नाना गेले हो…” एवढेच त्या बोलल्या. मी हातातले वाक्य पूर्ण केले आणि मगच उठलो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझ्या मसुद्यात वकीलसुद्धा स्वल्पविराम बदलत नाहीत. नाना पेन्शनच्या अर्जासाठी प्रथम आले ते याच लौकिकामुळे, आणि जाताना पिशवीतली चार काटेरी वांगी टेबलावर ठेवून गेले. पुढे त्यांची गच्ची पाहिली. अर्धी कापलेली निळी पिंपे, रंगाच्या बादल्या, आडव्या पाडलेल्या मेलेल्या फ्रिजमध्ये मेथी, डिशच्या खांबावर चढलेला दुधी. माती मात्र जवळजवळ नाहीच. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून रोज पोतेभर चिपाडे आणायची, त्यावर वाळला पाला, भाज्यांची देठे, आंबट ताकाचे पाणी. काही महिन्यांत त्याचे काळेभोर, भुसभुशीत खत होई. भरलेली बादली ते एका हाताने उचलून दाखवत. “बघा, आहे का वजन?” एकदा त्यांनी टोमॅटोची रोपे बादलीच्या बुडातून उलटी टांगली. रोपांनी माना वर वळवल्या आणि त्या वळणावरच मोडली. “झाडालाही कळतं हो, वर कुठे ते,” म्हणून स्वतःच हसले. अळूची पाने सोसायटीत घरोघर जात. वड्या सर्वांनी खाल्ल्या, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

मग नवी कमिटी आली. सचिव जिन्यात म्हणाले, “नाना, भाजी मंडईत मिळते, गच्ची मंडईत मिळत नाही.” तरीही प्रकरण मिटण्यासारखे होते. शेवटी तेच म्हणाले की साधा चार ओळींचा अर्ज द्या, परवानगी देऊन टाकू. नाना अर्थातच माझ्याकडे आले. मी दीड पान लिहिले. वाचून दाखवताना ‘मातीने भरलेली चाळीस पिंपे व बादल्या’ येथे त्यांनी मला थांबवले.

“अहो, माती कुठे आहे? चिपाडं आहेत.”

“नाना, अर्जात चिपाडं शोभत नाहीत. माती भारदस्त वाटते.”

“असं म्हणता? बरं… तुम्ही लिहिलंय ना, मग झालं.” आणि त्यांनी सही केली.

सभेत सचिवांनी नेमके तेच वाक्य मोठ्याने वाचले. “चाळीस पिंपं माती! स्लॅब कोसळला तर जबाबदार कोण? हे आम्ही म्हणत नाही, नानांनी स्वतः लिहून दिलंय.” नाना गच्चीवरून भरलेली बादली घेऊन आले आणि सर्वांसमोर ती एका हाताने उचलली. “नाना, सर्कस पुरे. कागद काय बोलतो ते बघा,” सचिव म्हणाले. वड्या खाल्लेल्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. मीही उपस्थित होतो. मी फक्त पाहुणा आहे, अशी माझी मी समजूत घातली.

एका सकाळीत गच्ची मोकळी झाली. चिपाडे खाली फेकताना दोन माणसांना घामसुद्धा आला नाही, इतकी ती हलकी होती. दाराला कुलूप लागले. नाना मला एका शब्दानेही बोलले नाहीत. एके दुपारी आले, वाळलेले घोसाळे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “बियाण्याचं आहे. गच्ची मिळाली की मागून घेईन.” त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत… दीड महिन्यात गेले. डॉक्टर हृदयविकार म्हणतात. सिद्ध करता येणार नाही ते मी अर्जात लिहीत नाही. सोसायटीच्या फळ्यावर मात्र ‘निसर्गप्रेमी वामननाना यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले गेले. अक्षर सचिवांचे.

तरी कमिटीस विनंती की, ‘मातीने भरलेली’ हे शब्द असत्य असून ते अर्जलेखकाने केवळ भारदस्तपणासाठी घातले, अशी दुरुस्ती सभेच्या वहीत करावी, आणि गच्चीचे कुलूप काढून मालतीवहिनींना निदान एक बादली ठेवू द्यावी. वर कोरा सोडलेला रकाना आता भरला आहे : पहिले नाव माझे, दुसरे कमिटीचे. घोसाळे माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. उचलले की आतल्या बिया वाजतात. जुने बियाणे उगवेलच याची खात्री नसते. सबब, उत्तर लेखी द्यावे, आणि पेरणीपूर्वी द्यावे.