इंजिनाचं नाक

नॉकिंग हा शब्द आमच्या घरात आला आणि पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. आमचे मालक लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर टॅक्सी लावायचे. गाडी जुनी, काळी, तिसऱ्या हातची, पण चालायची. एकदा सासूबाईंना खोपोलीहून घरी आणताना घाटात मालकांना बारीक आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात चार हरभरे घालून हलवावेत, तसा. घरी येऊन ते जेवायला बसले आणि घासही न घेता म्हणाले, "इंजिनाला नॉकिंग लागलंय."

सासूबाईंनी ऐकलं नाक.

"इंजिनाला नाक कुटं असतंय रं?"

"नाक न्हवं आये, नॉकिंग. आत पेट्रोल येळंच्या आदी पेटतंय, म्हून ठोकं बसत्यात."

"मग येळंवर पेटवावं. चूल मी बी पेटवती. कंदी ठोकं बसलं न्हाईत."

मी चौथी शिकलेली. मलाही काही कळलं नाही, पण माझ्या कळण्यावर गाडी चालत नव्हती.

सासूबाईंविषयी सांगते, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांची लेक खोपोलीला दिलेली होती. म्हणजे घाट उतरला की लेकीचं घर. त्या हिवाळ्यात तळेगावच्या दाताच्या डॉक्टराकडून त्यांना कवळी करून आणली होती, वरची आणि खालची, पूर्ण. ती त्यांना टोचायची, म्हणून घरी पाण्याच्या पेल्यात पडलेली असायची. मुलं तिला घाबरायची. भाकरी त्या हिरड्यांनीच खायच्या आणि आमच्याआधी ताट रिकामं करायच्या. कवळी घालायच्या ती फक्त खोपोलीला जाताना, कारण तिथल्या विहीणबाईंचे निम्मे दात पडलेले होते आणि त्यांच्यासमोर हसून दाखवायचं होतं.

मालक गाडी घेऊन बाजारातल्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे आवाजाचा राजा, असं तो स्वतःच सांगायचा. लांब पेचकसाचं टोक तो इंजिनाला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गाडी उभी असताना त्याला काही ऐकू आलं नाही.

"उभ्या गाडीत न्हाई कळायचं. चढाला लावून बगू," तो म्हणाला.

चढ म्हणजे खोपोलीचा घाट. हे सासूबाईंच्या कानावर गेलं. गॅरेजातून गाडी निघायच्या आत त्या पिशवी घेऊन, कवळी घालून मागच्या सीटवर बसल्या होत्या. लेकीकडे चहा झाला, विहीणबाईंसमोर हसून झालं आणि गाडी परत घाटाला लागली. आवाज आला. मिस्त्रीनं बोट वर केलं.

"आलं. ह्ये नॉकिंगच. टायमिंग मागं घ्या."

टायमिंग मागं घ्यायचं म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करायचं. इंजिनाच्या बाजूला एक वाटीएवढ्या झाकणाचा डबा असतो, तो जरासा फिरवायचा. तसं केलं की ठोके थांबतात, पण गाडीचा दमही जातो. दम गेला. आवाज थांबला नाही.

मग रोजचंच झालं. मालक डबा फिरवायचे, पाहायला घाटात जायचे, सासूबाई मागे बसलेल्याच. येताना आवाज यायचाच. मिस्त्री म्हणायचा, अजून मागं. एकदा त्यानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून आतला कार्बन खरवडून काढला. एकदा पेट्रोलात रॉकेल असणार असं सांगितलं, म्हणून मालक दुसऱ्या पंपावर जायला लागले. पाशिंजर घेऊन जाताना आवाज येतो का, असं मी एकदा विचारलं.

"न्हाई येत. पर पाशिंजर बडबडत्यात, त्यात कसा ऐकू यील?"

मला ते पटलं. मला तेव्हा बरंच काही पटायचं.

शेवटी टायमिंग इतकं मागं गेलं की चौघं बसले तर गाडी घाट चढेना. अवघड वळणावर पाशिंजर उतरायचे, चालत पुढे जायचे आणि गाडी मागून धापा टाकत यायची. स्टेशनावरचे बाकीचे टॅक्सीवाले काय सोडतात? "काय भाऊ, आज गाडी तुमाला वडती का तुमी गाडीला?" पाशिंजर आमची गाडी सोडून मागच्या गाडीत बसायला लागले.

तेवढ्यात वराळ्याहून थोरल्या दिरांचा निरोप आला. गाडी विका, गावी या, शेतात माणूस कमी आहे. मालक हो म्हणून बसले. मला विचारलं नाही.

आता माझं सांगते. वराळ्याच्या घरात मी लग्नानंतर पाच वर्षं काढली होती. जाऊबाई वाईट नव्हती, पण मिठाच्या बरणीला हात लावायचा तरी तिला विचारायचं. भाकरी मी थापायची आणि किती थापायच्या ते तिनं ठरवायचं. लोणावळ्यात आम्हाला पत्र्याच्या दोनच खोल्या होत्या, पावसाळ्यात भिंतींना बुरशी यायची, पण मिठाची बरणी माझी होती. मला परत जायचं नव्हतं. हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग इंजिनाला सांग."

गिऱ्हाईक कुसगावचं मिळालं. दुधाचा धंदा करणारा जाड माणूस. दुधाच्या किटल्या न्यायला त्याला गाडी हवी होती. तो म्हणाला, आधी घाट चढवून दाखवा. सासूबाई दोन दिवस लेकीकडेच होत्या, त्यांनाही आणायचं होतं. मी म्हटलं, मी येते. माझं घर कोण मोडतोय ते मला पाहायचं होतं. इतक्या फेऱ्या झाल्या, पण त्या गाडीतून घाट चढायची माझी ती पहिलीच वेळ. जाताना नणंदेच्या पोरांना बाजारातून शेंगदाण्याची चिक्की घेतली. पोरांनी थोडी खाल्ली, थोडी एकमेकांना मारली, उरलेला पुडा माझ्याकडे परत आला.

घाटाला लागलो. कुसगावचे पाहुणे पुढे, मालकांच्या शेजारी. मी आणि सासूबाई मागे. पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळायचं, म्हणून पदर नाकातोंडावर घट्ट धरलेला, डोळे मिटलेले, आत देवाचं नाव चाललेलं. चढाला गाडी म्हाताऱ्या बैलासारखी थरथरायला लागली. आणि आला तो आवाज. टकटकटकटक.

पाहुण्यांनी मान तिरकी केली. "ह्ये काय वाजतंय?"

मालकांचा चेहरा उतरला. "जरासं नॉकिंग हाये. थांबा, घालवतो."

घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी त्यांनी गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि त्या डब्याशी झटायला लागले. पाहुणे बाजूला उभे राहून मिशीला पीळ देत होते. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तोंड कडू झालंय. काय हाये का?" मी चिक्कीचा तुकडा दिला. चांगला मोठा दिला, म्हणजे बराच वेळ बोलणार नाहीत.

मालक येऊन बसले. गाडी निघाली. एक वळण, दुसरं वळण. गाडी तशीच थरथरत होती, पण टकटक नाही. पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली.

"बास! घेतली मी गाडी. उद्याच नेतो."

मी मनातल्या मनात मिठाची बरणी फळीवरून उतरवली. मी सासूबाईंकडे पाहिलं. पदर खाली आला होता, डोळे मोठे झाले होते, गाल फुगले होते आणि जबडा जागचा हलत नव्हता. वरची कवळी, खालची कवळी आणि मध्ये चिक्की. पक्की बसली होती.

"म्म्म," सासूबाई म्हणाल्या.

मी ओरडले, "अवं, गाडी थांबवा!"

"काय झालं?"

"इंजिनाला काय झालेलं न्हाई. आत्याबाईंचं दात वाजत्यात."

पुढे दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. पाहुणे हळूच म्हणाले, "भाऊ, मंडळींना घाट लागला का?"

अशा वेळी समजावत बसण्यात अर्थ नसतो. मी सासूबाईंच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढलं. सगळं एकदम बाहेर आलं, चिक्कीसकट. त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या बिनदाताच्या असल्यामुळे अर्ध्याच कळल्या. मी चिक्की खरवडून काढली, कवळी पदराला पुसली आणि म्हटलं, "आत्याबाई, घाला. आन तुमी चालवा गाडी."

गाडी निघाली. टकटकटकटक.

"आता काढा."

शांत.

"घाला."

टकटकटकटक.

"माझं त्वांड हाये का दाराची कडी?" सासूबाई म्हणाल्या. पण पाहुण्यांना आता चेव आला होता. ते सीटवर उलटे गुडघे टेकून मागे तोंड करून बसले. "मावशी, यकडाव आजून घाला की. जरा त्वांड हुगडं ठिवा." कवळी घातली, काढली, घातली. शेवटी माझ्याकडून ती पाहुण्यांच्या तळहातावर ठेवली गेली, तेव्हा मात्र ते पुढे वळले आणि हात लांब धरून बसले.

मालकांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मला वाटलं रडतात. हसत होते.

"आये, आगं घरी तर ही वाजत न्हाई!"

"घरी पेल्यात आसती. पेल्यात कशी वाजंल?"

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तू नाकाचं इचारत व्हतास. त्वांडाचं कुटं इचारलंस?"

मालक पाहुण्यांना म्हणाले, "पाव्हणं, गाडी इकायची न्हाई."

"आवं, आत्ताच चांगली झाली की!"

"म्हूनच."

पाहुणे चिडले, पण अर्ध्या घाटात चिडून जाणार कुठं? कवळी परत देऊन हात धोतराला पुसत बसून राहिले. मालक पाना घेऊन खाली उतरले. इतके दिवस मागं मागं ढकललेला तो डबा त्यांनी एका झटक्यात पुढं फिरवला, वर आणखी जरासा, आनंदाच्या भरात. गाडी अशी उसळली की पाहुण्यांची टोपी मागे माझ्या मांडीवर आली. इतक्या दिवसांत ती घाट अशी चढली नव्हती. मी मनातल्या मनात मिठाची बरणी फळीवर परत ठेवली.

खंडाळ्याच्या अलीकडे शेवटचा चढ लागला आणि आवाज आला. टकटकटकटक. या वेळी जरा खणखणीत.

मालकांनी मान वळवली. "आये, काढ की ती कवळी!"

सासूबाईंनी मूठ पुढे केली आणि उघडून दाखवली. दात मुठीत होते.

पाहुण्यांनी त्या दातांकडे पाहिलं, मग बॉनेटकडे पाहिलं. "भाऊ," ते म्हणाले, "आता ह्ये कुणाचं?"

ते खरं नॉकिंग होतं. टायमिंग हवं त्यापेक्षा पुढं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं डबा केसभर मागं घेतला आणि आपल्याला पहिल्यापासून शंका होती असं सांगितलं. कसली ते मी विचारलं, तर त्यानं पेचकस कानाला लावला. वराळ्याला निरोप गेला की येत नाही. कुसगावच्या पाहुण्यांनी त्या घाटाची गोष्ट दुधाबरोबर घरोघर पोचवली आणि स्टेशनावर लोक आमचीच गाडी शोधत यायला लागले, दातांची टॅक्सी कुठली म्हणून.

नाराज झाल्या त्या एकट्या सासूबाई. पिशवी भरून, पदर डोक्यावर घेऊन त्या पुढचे कितीतरी दिवस गाडीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि कान देऊन ऐकायच्या.

"मला तर आजून वाजतंय आसं वाटतंय," म्हणायच्या. "खोपोलीपातूर जाऊन बगू का?"