देवजीला दाखवलेलं ताट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही घरातल्या सगळ्यांची दुखणीखुपणी सांगून झाली — एवढं एक सोडून. फार मोठं काहीतरी असेल म्हणून सरसावून बसू नका हं. चोरी नाही, लफडं नाही. चार वर्षांच्या पोरीला जेवू घालण्याची गोष्ट आहे. पण आता ऐंशी उलटली, आणि गेल्या दिवाळीपासून ती मला गप्प बसू देत नाहीये.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही कराडकडची माणसं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं आणि शकूचे बाबा तिथं फिटर म्हणून लागले. बोईसरला मनासारखी खोली मिळेना, म्हणून चिंचणीला बिऱ्हाड केलं. एका वाडीत, मालकांच्या घराला लागूनच दोन खोल्या. पुढे अंगण, अंगणाच्या कडेनं ताडाची उंच झाडं, मागे विहीर, चिकू, केळी. मालकीणबाईंना सगळा गाव माई म्हणायचा, मीही म्हणायला लागले. पहाटे ट्रक यायचा, शकूचे बाबा जायचे, की दिवसभर मी आणि शकू. शकू म्हणजे आमची थोरली — तेव्हा एकुलती एकच.

आणि शकू जेवायची नाही. म्हणजे अजिबातच नाही! आदल्या साली गोवर निघाला होता, त्यानंतर तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. वरणभात नको, खिचडी नको, नाचणीची पेज तर बघूनच पळायची. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. एक चिऊचा, एक काऊचा करत मी कडेवर घेऊन अख्खी वाडी पालथी घालायचे, आणि तासाभरानं घास तसाच गालात. संध्याकाळी तिचे बाबा आले की पहिला प्रश्न — "आज काय खाल्लं पोरीनं?" ते साधंच विचारायचे हो. पण मला वाटायचं, माझी झडती चालली आहे. हे मी कारण म्हणून सांगत नाही. आता सांगतेच आहे म्हणा.

तर एक दिवस मी तिला बागुलबुवा दाखवला. कोण आई दाखवत नाही? "जेव, नाहीतर बागुलबुवा नेईल." शकू माझी पक्की. उठली, दारामागे बघून आली, माजघरात बघून आली, कणगीमागे वाकून आली. म्हणाली, "आई, कुठंच नाहीये गं." आणि परत तोंड बंद. मला हसू यायला हवं होतं, नाही का? आज येतं. त्या दिवशी मात्र माझा असा संताप झाला की विचारू नका. अगं बये, तुला बघायचाच आहे का बागुलबुवा? थांब!

नेमका तेव्हाच अंगणातल्या ताडावरून देवजी उतरत होता.

देवजी म्हणजे मालकांच्या झाडांची ताडी काढणारा माणूस. उघड्या अंगानं चढायचा. कमरेला कोयता आणि मडकं, खांद्यावर दोराचं वेटोळं. झाडाला घासून घासून त्याच्या छातीला आणि पायांना घट्टे पडले होते. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. शकूवर त्याचा फार जीव. उतरला की तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय जायचा नाही. वाळक्या ताडफळांना काठी लावून त्यानं तिला दोन चाकांची गाडी करून दिली होती. ती गाडी ढकलत शकू दिवसभर "देवजी, पों पों" करत फिरायची.

त्या देवजीकडे मी बोट केलं. म्हणाले, "तो बघ. जी पोरं जेवत नाहीत ना, त्यांना तो नेतो. त्या दोरानं बांधतो आणि वर नेऊन ठेवतो."

शकूनं झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं. त्या दुपारी तिनं सगळा भात संपवला.

आता मला सांगा — देवजीच का? मालकांच्या मिशा काय कमी होत्या? दारावर येणारा पोस्टमन होता, शकूच्या बाबांचे ते जाडजूड मुकादम होते. त्यांच्याकडे बोट का नाही गेलं माझं? तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. पुढे विचारलं, आणि उत्तर काही चांगलं आलं नाही. मी अशा माणसाकडे बोट केलं जो मला उलटून बोलणार नव्हता. उघडाबोडका, दुसऱ्याच्या झाडावर पोट भरणारा. हे मला आतून बरोब्बर माहीत होतं.

आणि एकदा गुण आला म्हटल्यावर मी थांबते कशाला! रोज दुपारी देवजी, रोज रात्री देवजी. शकूच्या गालांवर मांस दिसायला लागलं. तिचे बाबा खूश. आणि शकू — देवजी फाटकातून आत आला की किंचाळत घरात पळायची, माझ्या पदरात तोंड खुपसायची. ती गाडी तिनं पायरीखाली ढकलून दिली. पहिल्यांदा देवजी हसला, त्याला वाटलं खेळतेय. मग हसायचा थांबला. लांबूनच बघायचा. आळीतली पोरं हुशार, त्यांना दोन दिवसांत सगळं कळलं. "पोरं नेणारा आला रे!" म्हणून ओरडत सुटायची. एकानं खडाही मारला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी काय केलं? मी तांदूळ निवडले.

इथवर तरी मी म्हणू शकते की बाई, चुकून झालं, लक्षात आलं नाही. पण खरं सांगायचंय ते याच्या पुढेच आहे.

एका सकाळी विहिरीवर माईंनी मला विचारलं. दोन-तीन बायका होत्या, दोर हातात धरून थांबल्या. माई म्हणाल्या, "काय गो, तुजी पोर त्या देवजीला एवढी कशाला भिते? त्यानं काय केलं का तिला? खरं सांग. आमी त्याला दारात येऊ देतो, आमाला कळाया नको?"

बोलायला किती सोपं होतं! "अहो माई, मीच भीती घातली तिला जेवावं म्हणून." झालं असतं. बायका हसल्या असत्या, माईंनी दोन शब्द सुनावले असते, विषय संपला असता. पण त्या सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला लाज वाटली. परगावची मी, शिकलेली म्हणून मिरवणारी, आणि पोरीला जेवू घालायला असले उद्योग करते? म्हणून मी म्हणाले — "काय माहीत बाई. कधीतरी कोयता दाखवून दटावलं असेल त्यानं."

एवढंच. एक वाक्य. घागर उचलली आणि घरी आले.

दुपारी मालकांनी देवजीला फाटकातच अडवलं. वाडीतली झाडं दुसऱ्याला देतो म्हणाले, आता इकडे फिरकू नकोस. देवजीनं विचारलं, काय चुकलं. मालक म्हणाले, पोरीला कोयता दाखवतोस? देवजीनं वाद घातला नाही. त्यानं आमच्या दाराकडे पाहिलं फक्त. मी दाराआड होते. फटीतून मला तो दिसत होता, त्याला मी दिसत नव्हते, आणि तरी मी मागे सरले.

त्या झाडांवर त्याची चूल चालायची. हे मला कळत होतं का? कळत होतं. उद्या सांगू, म्हणत होते. तो उद्या काही येईना. देवजी आता बाहेरच्या रस्त्यानं दुसऱ्या वाडीकडे जायचा, आमच्या कुंपणाकडे न बघता. शकू दोन्ही वेळ जेवत होती. सगळं कसं सुरळीत चाललं होतं!

मग एक दुपार. शकूचं जेवण झालं, मी स्टोव्ह विझवायला वळले, आणि मागे बघते तर पोर नाही. फाटक उघडं. धावत गेले तर शकू रस्त्यात. अनवाणी, फुफाट्यात, पितळेची ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरून. समोर देवजी उभा.

ती थरथरत होती. मला मागूनही दिसत होतं, तिचा परकर हलत होता. तिनं ताटली पुढे केली, थोडी वाकडी करून, त्याला नीट दिसावी म्हणून. म्हणाली, "बघ. सगळं खाल्लं. मला नेऊ नको. आईनं पण खाल्लंय. आईला पण नेऊ नको."

देवजीनं ताटली बघितली. तिला बघितलं. मग मान वर करून फाटकात उभ्या असलेल्या मला बघितलं. आणि त्याला सगळं समजलं. माझ्यासमोर समजलं, एकेक करून. खडे का मारले, झाडं का गेली, पोर का पळते. मला वाटलं आता हा बोलणार. बोलावंच. रस्त्यात उभं करून माझे वाभाडे काढावेत. कोण म्हणालं तुला मी नेतो, एवढं जरी त्यानं पोरीला विचारलं असतं तरी तिनं माझ्याकडे बोट केलं असतं.

त्यानं कमरेचा कोयता काढला आणि आपल्या पाठीमागे कुंपणापाशी, तिला दिसणार नाही असा, ठेवला. उकिडवा बसला. ताटली हातात घेऊन उलटीसुलटी करून तपासली, अगदी गंभीर चेहरा करून. म्हणाला, "हे एक शीत रायलं की."

शकूनं ते शीत उचलून खाल्लं.

"शाबास! आता साफ हाय. आता नाय नेणार. तुला नाय, तुज्या आयलाबी नाय."

शकूनं एवढा मोठा श्वास सोडला! आणि हसली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्यासमोर हसली. मी काय केलं? तिचा हात धरून तिला आत आणलं. त्याच्याकडे न बघता.

पण शकू माझ्यासारखी नव्हती हो. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर निघाली ताट दाखवायला. तिसऱ्या दिवशीही. देवजी तिच्यासाठी थांबायला लागला. रोज ताटाची तपासणी, रोज एखादं शीत राहिलेलं, रोज शाबासकी. पायरीखालची गाडी बाहेर आली. माईंनी एक दिवस ओट्यावरून हा तमाशा पाहिला आणि पोट धरून हसल्या. "अरे द्येवा! ही तर त्याला ताट दाखवाया जाते! हिला कोण भ्या घालील?" मालकांना सांगून त्यांनीच देवजीला परत बोलावलं. झाडं त्याला परत मिळाली. माई मला म्हणाल्या, तुजा कायतरी गैरसमज झाला असंल. मी म्हणाले, "असेल." चार वर्षांच्या पोरीनं सगळं निस्तरलं, आणि मी सुटले. कुणाला काही कळलं नाही.

पुढे आम्हाला बोईसरला घर मिळालं. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं, तर देवजी पानात बांधलेले ताडगोळे घेऊन आला, शकूसाठी. शकू सोडली तर आम्ही दोघंच होतो अंगणात. आता तरी? मी तोंड उघडलं — आणि विचारलं, "पाणी घेणार का?" हो म्हणाला. पाणी प्याला, तांब्या पालथा घातला, शकूच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. परत कधी दिसला नाही.

गेल्या दिवाळीत शकूकडे गेले होते. आता तीच आजी झाली आहे. तिचा नातू जेवत नव्हता, सूनबाई रडकुंडीला आलेली. शकू त्याला म्हणाली, जेव बाळा, मग खाली वॉचमनकाकांना ताट दाखवून येऊ. पोरगं मटामटा जेवलं. दोघं हात धरून जिना उतरली, वर आली ती हसतच. मग शकूनं सगळ्यांना देवजीची गोष्ट सांगितली. तिला त्यातलं भय काही आठवत नाही. दोर नाही, किंचाळणं नाही. तिला आठवतो एक मोठा माणूस, जो तिचं ताट बघायला उन्हात थांबायचा. सांगता सांगता तिचे डोळे भरले. म्हणाली, "आमच्या आईची युक्ती बरं का ही. आई, तूच मला पाठवायचीस ना त्याच्याकडे, ताट दाखवायला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. विहिरीवर बघत होत्या तसेच.

मी म्हणाले, "हो."

शकू, ते खोटं होतं. देवजीची भीती मी घातली होती. त्याच्यावर आळ मी घेतला होता. आणि त्या दुपारी तुला कुणी पाठवलं नव्हतं गं. तू आपली आपण गेली होतीस.