उन्हात हिरवा, हॉलमध्ये तपकिरी

धवलभाईंनी स्पर्धेच्या हॉलमध्ये बॉक्स उघडला, यंत्रमानव टेबलावर ठेवला, आणि तो तपकिरी निघाला.

माझ्या घरातून तो हिरवा निघाला होता.

"बेन," धवलभाई म्हणाले, "आ तो ब्राउन छे."

मी डोळे चोळले. डोळे चोळून रंग बदलत नाही हे बावीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. तरी चोळले.

नोकरी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये होती. शेड मॅचिंग. म्हणजे पार्टी बोटभर चिंधी आणून टाकणार आणि म्हणणार, "एक्झॅक्ट हाच रंग पाहिजे." तो आपण जुळवून द्यायचा. मिल सोडल्यावर मी घरी छोटी मॉडेल्स रंगवून द्यायला लागले. टेबलावर सैन्य मांडून, फासे टाकून खेळायच्या लढाया असतात. मोठी, कमावती, लग्न झालेली माणसं खेळतात. मी हसत नाही. ती आता माझी पार्टी आहेत.

धवलभाई कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात प्लॅनिंग करतात. कच्चा हिरा कुठून कापायचा, ते ठरवणारा माणूस. चार वर्षांचे रविवार घालून त्यांनी चाळीस सैनिक स्वतः रंगवले होते, एकेक अंगठ्याएवढा. सोबतचा फूटभर उंच यंत्रमानव मात्र त्यांना जमेना, म्हणून तो माझ्याकडे आला. दीडशेच्या वर तुकडे. कापा, घासा, गोंद न लावता आधी जुळवून बघा. पाय, धड, हात वेगवेगळे रंगवा, कारण सगळं आधीच चिकटवलं तर काखेत ब्रश जात नाही. या भागात मी एकही चूक केली नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे संधी नाही.

स्पर्धेचा नियम होता, सगळं सैन्य एकाच रंगसंगतीत हवं. नाहीतर रंगकामाच्या बक्षिसातून बाद. धवलभाई लढाईत कधीच जिंकत नाहीत, त्यामुळे तेवढीच आशा होती. अडचण एवढीच की त्यांच्या सैनिकांचा हिरवा रंग कंपनीने बंद केला होता. बाटलीच्या तळाशी थोडासा उरला होता, तो मी नमुना म्हणून जपला आणि चार वेगळे रंग मिसळून तसाच हिरवा बनवला. सकाळी अकरा वाजता, माझ्या गॅलरीत, लख्ख उन्हात धवलभाईंनी हिरे बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि अर्धा तास यंत्रमानव तपासला.

"एक नंबर, बेन. फरकच नाही."

दोन तज्ज्ञ. दोघांचं पोट उजेडावर चालतं.

दोन वेगळ्या रंगांनी बनवलेली एकच शेड एका उजेडात जुळते आणि दुसऱ्या उजेडात फाटते. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून मिलमध्ये प्रत्येक नमुना तीन उजेडांत बघायचा असतो: दिवसाचा, दुकानातल्या ट्यूबचा आणि पिवळ्या बल्बचा. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे मी शिकवलं. जरा चढ्या आवाजातच शिकवलं. माझ्या गॅलरीपासून देवघरातला पिवळा बल्ब चार पावलांवर होता. तिथे यंत्रमानव काही मी नेला नाही.

हॉलमध्ये सगळे दिवे पिवळे. सैनिक त्यातही हिरवे, यंत्रमानव तेवढा तपकिरी. लग्नाचा हॉल होता.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"जज पाऊण तासात येणार."

मिलमध्ये शेड फसली की माल काळ्या रंगात बुडवतात. काळ्यात सगळं खपतं. इथे काळं करण्यापेक्षा चिखल बरा, असं मनात आलं. यंत्रमानव तपकिरी आहेच, तो चिखलात माखलाय असं समजायचं. पण मग सैनिकांनाही चिखल हवा.

"माझ्या सैनिकांवर?" धवलभाईंनी मधल्या कॅप्टनवर हात ठेवला. "याच्या एका भुवईला माझा रविवार गेलाय."

मी पिशवी चाचपली. आत टचअपसाठी आणलेली, माझ्याच हिरव्या रंगाची बाटली होती. इथे तीही तपकिरीच दिसत होती. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"एकच द्या. सगळ्यात वाईट रंगवलेला."

त्यांनी बराच विचार करून एक दिला. स्पंजने त्याच्या हिरव्या पँटवर गुडघ्यापर्यंत मी माझा रंग हलकेच थोपटला. मस्त चिखल दिसला. मग त्याला घेऊन दोघं दाराबाहेर उन्हात आलो. चिखल गायब. पँट पहिल्यासारखी हिरवी. आत आलो, पुन्हा चिखल.

धवलभाई तीनदा आत-बाहेर करून आले. वॉचमन बघत होता. मग त्यांनी कॅप्टनला उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"भुवई सांभाळून."

चाळीस जोड्या पाय आम्ही दोघांनी मिळून मळवले. नमुन्याची जुनी बाटलीही मी सोबत आणली होती; तिच्यात जे थेंब उरले होते, ते यंत्रमानवाच्या डोक्याला पुरले. म्हणजे तो मानेपर्यंत चिखलात आणि डोकं तेवढं स्वच्छ हिरवं.

जज बंगळुरूचा होता. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "सैनिकांना चिखल गुडघ्यापर्यंत. आणि हा एवढा उंच, त्याला मानेपर्यंत? कसं काय?"

 धवलभाई पुढे झाले.

"सर, नदीला पूर आलाय. किती खोल आहे ते बघायला कोणीतरी आधी उतरायला पाहिजे ना? मोठा आहे म्हणून याला पुढे पाठवला."

जजने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

रंगकामात दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर 'धाडसी कल्पना' असं लिहिलंय. लढाया धवलभाई तिन्ही हरले. त्यानंतर तिघांचे फोन आले. तिघांनाही तसाच चिखल पाहिजे.

यातून एवढंच शिकले: चूक एकाच जागी झाली तर तिला डाग म्हणतात. सगळीकडे सारखी केली की स्टाईल होते.