चांगला पण – सात

चिमट्याने आपलं लग्न चोरून जुळवलं, अशी कुजबुज त्या गल्लीत बरेच दिवस चालू होती. म्हणे, स्थळं जुळवणाऱ्या काकूंचा लॅपटॉप त्याच्याकडे दुरुस्तीला आला, तेव्हा या गड्याने त्यातली स्वतःची फाईल उघडली, काकूंनी लिहिलेलं होतं नव्हतं ते पुसलं आणि तिथे ‘मुलगा म्हणजे हिरा’ असं ठोकून दिलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर छातीठोकपणे सांगायचा, की फोटोसुद्धा बदललाय. इस्त्रीवाल्याने उभ्या आयुष्यात लॅपटॉप उघडला नव्हता, पण अफवेला शिक्षणाची अट नसते.

चिमटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लोक शर्टाच्या खिशात पेन अडकवतात, हा चिमटा अडकवायचा, म्हणून चिमटा. वय बेचाळीस. बोलणं मोजकं, केसही मोजकेच. दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत त्याचं काम चाले आणि मागच्या खोलीत आई. काम काय, तर बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचा अडकलेला ऐवज बाहेर काढायचा: कुणाच्या बाळाचे फोटो, कुणाचा सात वर्षं रखडलेला प्रबंध, कुणाच्या गेलेल्या वडिलांचा आवाज.

त्याचा एक नियम होता. आतलं वाचायचं नाही. माल धड निघालाय का हे पाहायला गिऱ्हाईक सांगेल ती एकच फाईल उघडायची, तीही त्याच्या देखत. “पोस्टमन पत्रं वाचत बसला तर टाकणार कधी,” असं तो म्हणायचा. त्यावर आई म्हणायची, “थोडं वाचलं असतंस, तर चार माणसांत बोलायला विषय तरी मिळाला असता.”

आईचं दुखणं वेगळं होतं. काकूंनी आठ वर्षांत याच्यासाठी नऊ स्थळं आणली. नऊच्या नऊ ठिकाणांहून ‘कळवतो’ असा निरोप आला आणि पुढे कोणी काही कळवलं नाही. काकूंची पद्धत अशी, की त्या मुलीकडच्यांपुढे लॅपटॉप उघडायच्या आणि मुलाच्या फाईलमधला आपला शेरा वाचून दाखवायच्या. आपल्या नावापुढे काय शेरा आहे, हे चिमट्याने दोनदा धीर करून विचारलं होतं. दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, “योग लागतो, बाबा.”

अशा या काकू एका सकाळी लॅपटॉप पंच्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून, त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

“मेलाय का बघ.”

चिमट्याने डिस्क बाहेर काढली, चालू करून कानाशी धरली. कट, कट, कट. आत तबकडी फिरत होती, पण तिच्यावरचं वाचणारी बारीक दांडी जागेवरच डोकं आपटत होती.

“दांडी गेलीय. दुसरी प्रत असेल ना तुमच्याकडे?”

“आहे तर. मी काय खुळी आहे?”

“कुठाय?”

“यातच. एक ‘काकू’ नावाच्या कप्प्यात, दुसरी ‘काकू जपून’ नावाच्या.”

चिमट्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. काकू तिथेच होत्या.

“काकू, घर जळायला लागलं तर वरच्या खणातले दागिने खालच्या खणात ठेवतात का?”

“मला अक्कल शिकवू नकोस. सहाशे चौदा माणसं आहेत त्यात. ती गेली, तर मी उद्यापासून भाजी निवडत बसायचं. आणि बाहेर फुटली, तर रातोरात घर बदलायला लागेल.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि ऐक, तूही आहेस त्यात. वाचलंस तर माझ्याइतकी वाईट कोणी नाही.”

हे शेवटचं वाक्य काकूंनी बोलायला नको होतं. उपाशी माणसाच्या हातात डबा द्यायचा आणि वर सांगायचं, झाकण तेवढं उघडू नकोस.

तशाच बनावटीची एक जुनी डिस्क चिमट्याने आठवडाभर शोधून मिळवली. तिची धड असलेली दांडी काढून काकूंच्या डिस्कमध्ये बसवायची होती. या कामात धुळीचा एक कण मध्ये आला की तबकडीवर चरा पडतो आणि सगळं संपतं. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी काचेच्या खोल्या असतात. चिमट्याकडे न्हाणीघर होतं. भिंती धुवायच्या, ओल्यावर धूळ बसू द्यायची, दार लावायचं, डोक्याला आईची प्लास्टिकची टोपी घालायची आणि पाटावर बसून, श्वास रोखून, चिमट्याने काम करायचं.

“अरे, मला अंघोळ करायचीय,” बाहेरून आई.

“दोन तास.”

“काल पण दोनच तास म्हणालास. काल मी पारोशी राहिले.”

“आई, दारापाशी बोलू नकोस, धूळ उडते.”

“माझ्या बोलण्याने धूळ उडते?” आई दारात आलेल्या शेजारणीकडे वळली. “ऐकलंत? काकूंचा लॅपटॉप न्हाऊ घालतोय आणि आई पारोशी.”

शेजारणीने ते ऐकलं आणि आपल्या परीने पुढे पोचवलं.

दांडी बसली. कट कट थांबलं. डिस्क वाचायला लागली आणि तीन दिवस थेंबाथेंबाने नव्या डिस्कवर उतरत राहिली. पडद्यावर चौकोन भरत होते, निघालेलं हिरवं, न निघालेलं लाल. शेजारी फाईलींची नावं येत होती. नावं तर दिसणारच, त्याला इलाज नव्हता.

काकूंनी चोराला पत्ता लागू नये म्हणून खरी नावं लिहिलीच नव्हती. ‘मोठी नणंद’. ‘घोरतो’. ‘घर आहे, हसू नाही’. ‘अटी फार’. ‘विचार करू’. आणि मग एका खाली एक अकरा फाईली: ‘चांगला पण – एक’, ‘चांगला पण – दोन’, अशा थेट अकरापर्यंत.

या अकरांत आपण आहोत, हे चिमट्याच्या हाडांनी ओळखलं. फक्त कितवे, ते कळेना. आणि ‘पण’च्या पुढे काय, हे एका बोटाच्या अंतरावर होतं.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“उघड ना.”

“नाही.”

“तू नको बघूस. तू तोंड फिरव, मी बघते.”

“आई, चष्मा काढ आणि आत जा.”

“आठ वर्षं मी लोकांना विचारतेय माझ्या मुलात काय खोट आहे, आणि हा समोर लिहिलेलं वाचत नाही. हीच खोट असणार,” असं म्हणत आई आत गेली. चिमट्याने पडद्यावर पंचा टाकला.

शेवटी सहाशे अकरा फाईली निघाल्या. तीन लाल राहिल्या: ‘मोठी नणंद’, ‘विचार करू’ आणि ‘चांगला पण – सात’. ‘काकू जपून’मधल्या त्यांच्या जोडीदारिणीही तशाच. त्याने परत परत प्रयत्न केले, मग दांडी पुन्हा कुरकुरायला लागली, तेव्हा थांबला.

काकू आल्या. आधी त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग पडद्याकडे.

“वाचलंस?”

“नावं तेवढी.”

“नाही हो वाचलं,” आई आतून ओरडली. “मी सांगूनसुद्धा नाही वाचलं.”

यापेक्षा भक्कम साक्ष काकूंना तीस वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी यादी खाली सरकवली आणि सातव्यावर थांबल्या.

“अरे देवा. हा तूच.”

चिमटा पुढे सरकला. “काय लिहिलं होतं?”

काकूंनी छताकडे बघितलं, मग भिंतीकडे. “आठवत नाही. आठवलं असतं तर लॅपटॉप कशाला घेतला असता?”

“‘पण’च्या पुढचं तरी.”

“नाही बाबा. काहीतरी होतं एवढं नक्की.”

मग काकू तिथेच बसल्या, नवी फाईल उघडली आणि समोर दिसत होतं ते लिहिलं: हात स्थिर. चिकाटी आहे. आईला अंघोळीसाठी ताटकळत ठेवतो. हातात असून दुसऱ्याचं वाचत नाही.

शेवटची ओळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘अटी फार’ला वाचून दाखवली. ‘अटी फार’ म्हणजे एका वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई, वय एकोणचाळीस. आधीच्या एका उमेदवाराने त्या चहा ओतत असताना त्यांचा फोन उघडून बघितला होता, आणि त्यांनी त्याचा कप तिथल्या तिथे परत घेतला होता. ती ओळ त्यांनी काकूंना दोनदा वाचायला लावली.

दोघं भेटले. चहा झाला. मग चिमट्याचं लक्ष बाईंच्या लॅपटॉपकडे गेलं.

“दुसरी प्रत कुठे ठेवता?”

“एक वाचनालयात, एक बहिणीकडे.”

चिमट्याने घरी येऊन आईला सांगितलं, की त्याच्याकडून होकार आहे. तिकडचा होकार संध्याकाळी आला, सोबत अटींची यादी. त्यातली तिसरी अट अशी, की न्हाणीघर सकाळी नऊच्या आत मोकळं हवं. ती आईने जोर लावून मान्य करून घेतली.

गल्लीने जे म्हणायचं ते म्हटलं. चिमट्याने ती फाईल बदलली नव्हती. तेवीस वेळा प्रयत्न करूनही ती त्याला बाहेर काढता आली नाही.