टोपीखालची गादी

माझ्या वडिलांनी सबंध उन्हाळा जी वस्तू टोपीखाली बांधली, ती डोक्यासाठी केलेली नव्हती.

ती कशासाठी होती हे मी आधीच छापून प्रसिद्ध केलं होतं. तेव्हा माझ्याकडे दोष येत नाही, असं बरेच दिवस माझं ठाम मत होतं. 'भगिनींनो, लाज फेका, तोंड उघडा!' या मथळ्याचं माझं पत्रक सोलापुरात गल्लोगल्ली वाटलं गेलं होतं (वाटणारी मीच). बायकांना महिन्याची पाळी येते हे साऱ्या जगाला ठाऊक, आणि तिचं नाव घ्यायला जग तयार नाही! बाई तीन दिवस कोपऱ्यात बसते, जुन्या लुगड्याच्या चिंध्या वापरते, त्या कुणाला दिसू नयेत म्हणून अंधाऱ्या, दमट मोरीत वाळवते आणि दुखणं ओढवून घेते. का? कुणाच्या भल्यासाठी? असा माझा रोखठोक सवाल होता.

पण छापखानेवाल्याने ऐन वेळी कच खाल्ली. 'मासिक पाळी' हे शब्द जिथे जिथे आले, तिथे तिथे त्याने तीन फुल्या छापल्या! त्यामुळे पत्रक नेमकं कशाबद्दल आहे हे कुणालाच कळेना. आमचे शेजारी वामनराव हे निवृत्त अव्वल कारकून. सुधारणा म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकणारे. त्यांनी मला भर रस्त्यात थांबवून शाबासकी दिली. "दारूवर चांगलं झोडपलंस हो, पोरी!"

मी तडक छापखान्यात गेले आणि त्या गृहस्थाला तोंडावर भित्रा म्हटलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या चार कामगारांच्या देखत म्हटलं. हे वाक्य ध्यानात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

पत्रकाचा खरा अर्थ एकीलाच कळला, तो नरसम्माला. ती गिरणीत कांडीखात्यात सूत गुंडाळायचं काम करते. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच फुल्या भरून मोठ्याने वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "कागद चांगला हाय की, अक्का. पन ह्यो बांधून कामावर जाता येत न्हाय."

मी पत्रकाची घडी घातली.

"दहा तास उभं ऱ्हायचं असतंय आमाला. धुवायला जागा न्हाय, वाळवायला न्हाय. तीन दिस घरी बसलं की खात्याचा मुकादम, त्यो जॉबर, आमच्या जागी दुसरी बाई उभी करतोय. गेल्या साली दोघी गेल्या अशाच. कायतरी असं दे की वापरलं, चुलीत टाकलं, संपलं."

झालं! भाषणापेक्षा कृती मोठी, असं मी स्वतःच दुसऱ्या पत्रकात लिहून बसले होते. त्याच संध्याकाळी पिंजाऱ्याकडून कापूस आणला, फडक्यात गुंडाळला आणि वर पाणी ओतलं. कापूस पाणी पितो अशी माझी समजूत होती. तो पीत नाही! थेंब त्याच्यावर मोत्यासारखे बसले आणि घरंगळून थेट आत्याच्या पापडांवर गेले. (आई गेल्यापासून आमचं घर आत्या चालवते, म्हणजे आम्हाला चालवते.)

नरसम्मा हसून हसून खाली बसली. "अय्यो! कापसात तेल असतंय की. सूत रंगवायच्या आदी आमी सोड्यात उकळतो, मग ते रंग पितंय. तुजी पुस्तकं हे सांगत न्हाईत व्हय?"

माझी पुस्तकं हे सांगत नव्हती. मी कापूस धुण्याच्या सोड्यात उकळला (पुरणाच्या पातेल्यात, हे आत्याला आठवडाभराने कळलं). आता तो पाणी पिऊ लागला, पण अधाशासारखा. जिथे धार पडली तिथेच चिंब, बाजू कोरड्या ठणठणीत, आणि मधून पाणी सरळ खाली! तेव्हा थर लावणं आलं. सगळ्यांत वर विरळ विणीचं मऊ कापड, म्हणजे ओल चटकन आत जावी. त्याखाली उकळलेल्या सुताची गुंतवळ उभी-आडवी, म्हणजे ती चोहीकडे पसरावी. त्याखाली पिंजलेला कापूस दाबून, म्हणजे ती धरून ठेवावी. आणि तळाला मेणकागद, म्हणजे तिने बाहेर पडू नये. पहिल्या खेपेला मेणकागद मी वरच्या बाजूला शिवला. त्या खेपेबद्दल मी फार बोलणार नाही.

मोजायला देवघरातली पळी घेतली. नवव्या प्रयोगाला गादी सात पळ्या पाणी प्यायली, वर मी पाटा ठेवला, तरी खाली एक थेंब नाही!

"देवाच्या पळीने काय मोजतेयस गं, कार्टे?" आत्या दारात उभी.

मी तिला सगळं सांगितलं. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि जाताना म्हणाली, "नाड्या लाव दोन टोकांना. नाहीतर सरकेल."

गाद्या तयार झाल्या. वीतभर लांब, चार बोटं रुंद, दोन्ही टोकांना नाड्या. मी त्या वेताच्या करंडीत घालून खिडकीत ठेवल्या. इथे माझी चूक झाली. आमच्या घरात ज्या वस्तूचं नाव घेतलं जात नाही, ती वस्तू कुणाची आहे हेही सांगता येत नाही!

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत कापड तपासनीस. भिंग लावून ताण्याबाण्याचे धागे मोजणं हा त्यांचा धंदा, आणि भर उन्हात काळी टोपी घालून चालत जाणं हा त्यांचा बाणा. सोलापूरचं वैशाखाचं ऊन काय असतं हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. टोपीतून घाम गळायचा आणि तपासलेल्या कापडावर डाग पडायचे. एके दिवशी ते संध्याकाळी घरी आले, ते नवरदेवासारखे हसत.

"इंदे! बघ, टोपी बघ! कोरडी!"

त्यांनी टोपी काढली. कपाळावरून आडवी, नाड्या मागे शेंडीखाली गाठ मारून बांधलेली... माझी गादी!

आत्याच्या हातातून उलथनं पडलं.

"काय डोकं चालवलंयस, पोरी!" अण्णा म्हणाले. "कापड आत, मेणकागद बाहेर. मी भिंगाखाली पाहिलं. आणि नाड्यासुद्धा! बापाच्या घामाची इतकी काळजी? मला तर भरूनच आलं बघ."

आता बोलायची वेळ होती. 'तोंड उघडा' असं मीच मोठ्या टाइपात छापलेलं होतं. मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते, "अण्णा, चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी करंडीतली दुसरी नेली. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. मी शिवत होते, अण्णा नेत होते. आठवडाभराने तळ्याच्या कट्ट्यावर त्यांच्या चार मित्रांच्या टोप्या संशयास्पद फुगलेल्या दिसू लागल्या. त्यांत वामनरावही! त्यांच्या डोक्याला केसांचा आडोसा नसल्यामुळे त्यांना दिवसाला दोन लागत.

"आत्या, तू सांग ना अण्णांना!"

"मी? धाकट्या भावाला? हे? आणि पत्रकं कोण वाटतं गं?"

अशात स्वदेशी वस्तूंचं प्रदर्शन जवळ आलं. कन्याशाळेच्या पटांगणात मांडव, अर्ध्यात पुरुष, अर्ध्यात बायका, मधे पडदा. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मला मोठ्या नाखुशीने एक तास दिला होता. "वस्तू समोर ठेव, उसवून दाखव, शिकव आणि ऊठ. नुसतं भाषण ठोकलंस तर तुझा तास लोणच्यांना देईन, आणि पुढे या विषयाचं नावही काढायचं नाही!" नरसम्मा गिरणीची पाळी सुटल्यावर कांडीखात्यातल्या अकरा बायकांना घेऊन येणार होती. त्या बायकांना पुन्हा अशी सवड कधी मिळणार? मी दोन डझन गाद्या शिवल्या आणि (आता शहाणी झाले होते) तांदळाच्या डब्यात दडवल्या.

त्या दिवशी डबा उघडला. तांदळावर चिठ्ठी होती. 'चि. इंदूस आशीर्वाद. आत्याने तांदूळ काढायला सांगितले, त्यात सगळा माल सापडला. प्रदर्शनात मांडायला नेत आहे. तुझे नाव काढतो बघ! — अण्णा.'

मी मांडवात पोचले तेव्हा माझ्या टेबलावर रिकामं ताट होतं. समोर घामाने डबडबलेल्या बारा बायका आणि कोपऱ्यात अध्यक्षीणबाई, लोणच्याच्या बरण्यांकडे अर्थपूर्ण बघत.

"कुटं हाय सामान?" नरसम्मा म्हणाली.

पडद्यापलीकडून खणखणीत आवाज आला. "मंडळी! हिला म्हणतात घर्मशोषक गादी!"

नरसम्माने पडद्याच्या फटीला डोळा लावला. "अय्यो अक्का! तुजं सामान तुजा बापच दाखवतोय की!"

बारा बायका फटीला लागल्या. तेरावी मी. चौदाव्या अध्यक्षीणबाई. तिकडे अण्णा स्टुलावर उभे. शेजारी वामनराव नमुना म्हणून बसलेले, टोपी काढून, नाड्यांची गाठ लोकांकडे करून! अण्णांनी कात्रीने गादी उसवली. "हा पहिला थर, ओल आत घेणारा. हा दुसरा, पसरवणारा. हा तिसरा, धरणारा. कापूस आधी सोड्यात उकळलाच पाहिजे, नाहीतर पाणी पिणार नाही!" मग दुसरी घेऊन तिच्यावर तांब्याने पाणी ओतलं, उलटी केली, हलवली. थेंब नाही! पुरुषांनी टाळ्या पिटल्या. पडद्याआड नरसम्मा बोटांवर थर मोजून पाठ करत होती. मी महिनाभर घोकलेलं व्याख्यान माझा बाप माझ्याहून चांगलं देत होता!

"आणि ही कल्पना कुणाची?" अण्णा गरजले. "माझ्या मुलीची! इंदे, ये बाहेर! सांग सगळ्यांना, ही कशासाठी केलीस!"

कुणीतरी (नरसम्माच, दुसरं कोण!) मला मागून ढकललं. मी पडद्याबाहेर आले. समोर दोनशे टोप्या. पहिल्या रांगेत तो छापखानेवाला! याहून चांगली संधी कोणत्या प्रचारकाला मिळाली असती? सगळा समाज समोर बसलेला, वस्तू हातात, प्रश्नही त्यांनीच विचारलेला. मी छाती भरून श्वास घेतला.

"घामासाठी," मी म्हणाले.

पडद्याआडून जो हशा उठला, त्याने मांडवाचा एक खांब हलला. पुरुषांना वाटलं लोणच्याची बरणी फुटली. आणि मग पडदा सरकला. नरसम्मा पुढे, मागे अकरा जणी, डोक्यावरून पदर घेऊन सरळ अण्णांच्या टेबलापुढे रांगेत.

"अण्णा, आमालाबी द्या की. गिरणीत लई घाम येतोय."

अण्णांना अस्मान ठेंगणं झालं. त्यांनी प्रत्येकीला एकेक गादी फुकट दिली आणि वर समजावलं, "कापड आत, कागद बाहेर. नाड्या घट्ट. आणि वापरून झाली की बंबात टाकायची, पुन्हा वापरायची नाही!"

"व्हय अण्णा. कापड आत, कागद भाईर," बारा जणी गंभीरपणे म्हणाल्या.

महिन्याभरात कांडीखात्यातल्या बायका घरी बसेनाशा झाल्या. स्वतःच कापूस उकळतात, स्वतःच शिवतात आणि यंत्राच्या खडखडाटात एकमेकींना ओरडून विचारतात, "घामाची गादी हाय का गं एखादी?" जॉबरसमोर! एकीलाही लाज वाटत नाही! माझ्या पत्रकाला जे जमलं नाही ते माझ्या थापेने केलं. ही गोष्ट मला तत्त्व म्हणून मान्य नाही.

घरी मात्र भांडं फुटलंच. पौर्णिमेला सत्यनारायण होता आणि अण्णा सोवळं नेसून, डोक्याला गादी बांधून पाटावर बसायला निघाले. तेवढं मात्र आत्याला सोसवेना. तिने भावाला दाराआड नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गादी होती आणि कान जास्वंदीसारखे लाल. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. पूजा झाली, प्रसाद झाला. मग हळूच म्हणाले, "गिरणीतल्या बायकांना... माहीत होतं?"

"हो, अण्णा."

"त्यांची सोय झाली?"

"झाली."

"मग ठीक." आणि एकाएकी त्यांचा चेहरा पडला. "पण वामनरावांना कोण सांगणार?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. भिंतीवर मीच चिकटवलेलं पत्रक होतं, तेही पाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वामनरावांच्या दारात उभी राहिले. निर्धार पक्का. वाक्य तयार, पाठ, तीनदा म्हणून पाहिलेलं. त्यांनी दार उघडलं, टोपी काढली, नाड्या सोडल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "पोरी, बावीस वर्षं नोकरीत घाम गाळला, पण असं सुख नाही पाहिलं. आणखी सहा देशील?"

मी बारा दिल्या.

परवा छापखान्यात जाऊन त्या गृहस्थाची माफी मागून आले. त्याने निदान तीन फुल्या तरी छापल्या होत्या!