सेमिसीचा होकार

फेलेती मोआलाला रग्बी क्लबात हुद्दा होता, पण तो काय होता हे त्याच्या बायकोलाही धड सांगता येत नसे. गळ्यातल्या कार्डावर काहीतरी लांबलचक छापलेलं होतं. कामाचं म्हणाल तर पोरं हेरायची, वाढवायची आणि टिकवायची. शाळेच्या मैदानावर दोघातिघांना अंगावर लटकवून पुढे धावणारा एखादा दिसला, की फेलेती कुंपणाशी जाऊन उभा राही. मग त्या पोराच्या चर्चमध्ये, मग घरी, मग पुन्हा घरी. संध्याकाळी सगळ्यांना व्हॅनमध्ये कोंबून सरावाला न्यायचं आणि नंतर कोंबडी-चिप्स चारून घरोघर पोचवायचं. बापाशी भांडून निघालेल्याला आपल्या बैठकीत गादी टाकून द्यायची. तो स्वतः एके काळी मोठ्या संघात पुढच्या फळीत खेळला होता. रग्बी लीगने त्याला दोन निकामी गुडघे, एका बाजूला न वळणारी मान आणि ही नोकरी दिली होती. त्याला सौदा वाईट वाटला नव्हता.

अठराच्या आतल्या संघाचा प्रशिक्षक डग प्रॅट म्हणायचा, "बाकीचे क्लब एजंटांना जेवायला नेतात. आमचा हा गडी आत्यांना नेतो!"

थट्टा खरी होती. टोंगा बेटांवरून इथे आलेल्या टोंगन घरात बाप दांडगा, आईही काही कमी नाही, पण अखेरचा शब्द आत्याचा, म्हणजे बापाच्या थोरल्या बहिणीचा. पोराचं नाव तीच ठेवते, लग्नात मानाची चटई तिची, मयताला उशाशी तीच बसते. ती खोलीत आली की सहा फुटी बाप पाय आवरून घेतो. गोऱ्या प्रशिक्षकांनी तासन्‌तास समजावूनही जो पोरगा बधत नसे, त्याच्या आत्याशी फेलेती अर्धा तास बोलून येई आणि दुसऱ्या दिवशी पोरगा मैदानावर हजर. या हातखंड्याचा त्याला अभिमान होता. क्लबातली बाकीची मंडळी उंटावरून शेळ्या हाकतात, आपण चटईवर बसतो, असं तो चारचौघांत बोलूनही दाखवी.

सेमिसी त्याच्या सगळ्या पोरांत लाडका. सतरा वर्षांचा, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा, पण स्वभावाने लोण्याचा गोळा. समोरच्याला आडवं केलं की आधी हात देऊन उठवायचा, मग आपल्या जागी पळायचा. डग कपाळाला हात लावी. चर्चच्या गायनात त्याचा आवाज सर्वांत खालचा. तो लागला की बाकं थरथरतात, असं म्हातारे म्हणत. आणि मोठ्यांपुढे पक्का मुखदुर्बळ. वडीलधाऱ्याने काही म्हटलं की मान खाली आणि भुवया वर. आम्हा टोंगन लोकांत भुवया वर म्हणजे हो.

मे महिन्यातल्या एका सामन्यात टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडताना, सेमिसीचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला आणि सरळ विरुद्ध संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. प्रेक्षक हसले. केरी हसली नाही. केरी संघाची फिजिओ, लाल केसांची, फटकळ बाई. तिने त्याला बाहेर काढलं आणि कित्येक आठवडे मैदानाला पाय लावू दिला नाही. नंतर चाचण्या झाल्या. सगळ्या ठीक आल्या. तरी तिने फेलेतीला गाठलंच.

"फेल, मला हा पोरगा कळत नाही. बरं वाटतंय का? हो मिस. झोप लागते का? हो मिस. काल मुद्दाम विचारलं, तू फ्रेंच आहेस का? हो मिस!"

फेलेती पोट धरून हसला.

"हसू नकोस. चाचणीतलं अर्धं त्याच्या सांगण्यावर आहे. तू त्याच्या घरी जा. एकट्याला घे, तुमच्या भाषेत विचार, डोकं दुखतं का म्हणून. तो नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्याच्या शनिवारी खेळू दे. तुझ्या शब्दावर सोडते मी."

"एवढंच ना? समज झालं."

तो शनिवार मोठा होता. मोठ्या संघाचा प्रशिक्षक स्वतः येणार होता आणि पुढच्या फळीत भरायला एक पोरगा उचलणार होता. तो सेमिसी असणार, हे फेलेतीने मनात ठरवून टाकलं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात सेमिसी सरावाला आला नाही. व्हॅनचा हॉर्न वाजवला की धाकटी बहीण खिडकीत येऊन ओरडे, "तो झोपलाय!" उन्हं अजून अंगणात असत.

रविवारी चर्चमध्ये सेमिसी आपल्या जागी होता, पण गात नव्हता. खिडकीतून ऊन येत होतं, त्यातून सरकून तो खांबाआड उभा राहिला. फेलेतीने पाहिलं. त्याला वाटलं, पोरीबिरीची भानगड असेल, या वयात रुसवे-फुगवे चालायचेच. माणूस जन्मभर ज्या गोष्टीत हुशार म्हणून मिरवतो, तिथेच त्याची अक्कल गहाण पडते.

चर्चनंतर तो तडक सेमिसीच्या घरी गेला. जेवणं मांडलेली होती. अळूच्या पानांत बांधून भाजलेलं मटण, सुरण, कसावा. सेमिसीचा बाप मायका रात्रपाळी करून तसाच चर्चला गेला होता, डोळे लाल. खुर्चीवर लोसालिनेआत्या. बाकी सगळे खाली.

एकट्याला घेऊन विचारायचं, हे फेलेतीच्या लक्षात होतं. विसरला असं नाही. पण आत्या समोर बसलेली असताना तिला ओलांडून पोराला बाजूला न्यायचं कसं? ती रीत नव्हे. आणि पोराला विचारून मिळणार काय? तो आत्याच्या शब्दाबाहेर थोडाच होता? मुळालाच हात घातला की फांदी आपोआप हलते, हा त्याचा आजवरचा अनुभव.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या भाच्याने या आठवड्यात दोनदा दांडी मारली."

"दांडी?" लोसालिने म्हणाली. "त्याच्या बापाला दांडी माहीत नाही. लगीन झालं त्या रात्रीही कामावर गेला होता!" सगळे हसले. मायका जास्तच हसला. "काय झालंय त्याला?"

"काही नाही हो, आळस भरलाय. पण शनिवारी मोठे साहेब बघायला येणार आहेत. त्याचं सोनं व्हायची वेळ आहे."

"सेमिसी!"

तो आतल्या अंधाऱ्या खोलीतून आला आणि आत्याच्या पायांशी मांडी घालून बसला.

"शनिवारी खेळायचं. कळलं? फेलेतीकाकाने तुझ्यासाठी जोडे झिजवलेत."

सेमिसीची मान खाली. खोलीत कुणी बोललं नाही. ती शांतता जरा लांबलीच. फेलेतीने ती ऐकली आणि पोरगा आदबशीर आहे असं त्याला वाटलं. मग भुवया वर गेल्या.

"झालं," लोसालिने म्हणाली. "आता जेव."

निघताना सेमिसी जेवणाचं पातेलं घेऊन व्हॅनपर्यंत आला. पातेलं आत ठेवलं आणि तिथेच उभा राहिला.

"काका..."

"काय रे?"

पोराने ओठ हलवले. मग म्हणाला, "दार हळू लावा."

"आयला, व्हॅनची काळजी मला नाही आणि तुला!" फेलेतीने हसत त्याच्या पाठीत थाप मारली आणि दार धाडकन लावलं. सेमिसीने डोळे मिटले. फेलेतीने तेही पाहिलं.

सोमवारी केरीने विचारलं, "बोललास?"

"बोललो."

"काय म्हणाला? तोंडाने म्हणाला?"

"केरी, आमच्यात तोंडाने म्हणत नाहीत. आमच्यात गप्प बसणंही बोलणंच असतं. तुला नाही कळायचं."

तिने सेमिसीला खेळायला सोडलं. शब्द दिला होता ना तिने.

शनिवारी मैदान भरलेलं होतं. लोसालिनेआत्या पुढच्या रांगेत, क्लबाच्या रंगाचा विणलेला पंखा हातात. सेमिसीने पहिल्या अर्ध्यात असा खेळ केला की मोठे साहेब खुर्चीतून पुढे झुकले. दुसऱ्या अर्ध्यात एक टॅकल झालं. साधं. असली रोज शेकडो होतात. समोरचा उठला. सेमिसीने त्याला हात द्यायला हात वर केला आणि तो हात तसाच राहिला.

इस्पितळात कवटी उघडली, साकळलेलं रक्त काढलं, पोरगा जगला. जगला म्हणजे श्वास राहिला, खाणं राहिलं, आईला ओळखणं राहिलं. डावा हात गेला. पाय फरफटू लागला. बोलणं एकेका शब्दावर आलं, तोही विहिरीतून ओढून काढावा तसा. डॉक्टर म्हणाले, मनात येईल ते आता थेट तोंडावर येईल, आडकाठी उरली नाही. जुना मार अजून भरलेला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. त्याचं डोकं अनेक आठवडे ठणकत असणार.

क्लबाने चौकशी केली. सगळं नियमाला धरून झालं असं निघालं. फेलेतीने क्लबाच्या साहेबांना सांगायचा प्रयत्न केला की मी विचारलंच नव्हतं, मी खोटं बोललो. साहेबांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, "फेल, तू दमला आहेस. हे पुन्हा कुठे बोलू नकोस." सेमिसीच्या घरी सर्व खेळाडूंच्या सह्यांची जर्सी चौकटीत बसवून पाठवली. केरी नोकरी सोडून गेली. जाताना ती फेलेतीशी बोलली नाही, आणि खरं तर त्याला तेच हवं होतं.

तो व्हॅन चालवत राहिला. पण आता त्याला पोरांची भीती वाटू लागली. मागून कुणी "हो काका" म्हटलं की तो आरशात त्याचं तोंड न्याहाळी. कुणी गप्प बसलं तर तो सिग्नलवर मागे वळून विचारी, "काय झालं? बोल. तोंडाने बोल." पोरं एकमेकांकडे बघत.

शेवटी एके सकाळी त्याने फाटकी जुनी चटई कमरेला गुंडाळली, गळ्यात पानांची माळ घातली आणि सेमिसीच्या घरासमोर सिमेंटवर जाऊन बसला, मान खाली घालून. त्या माळेसाठी बेटावर जे झाड असतं ते इथे उगवत नाही. परसातल्या झाडाची पानं होती, निम्मी वाळकी. असं बसणं म्हणजे माझी चूक पोटात घाला, किंवा मला जिवे मारा. आणि अशा बसलेल्याला आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. घरच्यांनी बाहेर यायचं, माळ काढायची, हाताला धरून उठवायचं. तीच रीत. फेलेतीला ती ठाऊक होती, म्हणून तर तो आला होता.

मायका रडतच बाहेर आला. त्याचा हात माळेपर्यंत गेला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब, मायका."

लोसालिनेआत्या पायऱ्या उतरली. तिच्या कमरेलाही मयताच्या वेळी नेसतात तशी फाटकी चटई होती. ती आली आणि फेलेतीच्या शेजारी सिमेंटवर बसली, घराकडे तोंड करून. मायका भिंतीला टेकला. आपली बहीण जमिनीवर बसलेली त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"ताई, तुम्ही नका..."

"तू मला विचारलंस. मी त्याला सांगितलं," ती म्हणाली. "त्याला कुणी विचारलं?"

फेलेतीची मान आणखी खाली गेली.

"मायका, माफी तुझ्याकडे नाही नि माझ्याकडेही नाही. त्याला आण."

सेमिसी आईच्या खांद्याला धरून दारात आला. आत्याला खाली बसलेलं पाहताच तो धडपडून वाकू लागला. मोठ्यांच्या वर उभं राहायचं नसतं, एवढं त्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"वाकू नकोस," आत्या म्हणाली. "आज उभा राहा, बाळा."

फेलेतीने मान वर केली. त्या दिवशी ज्याला विचारायला आला होता, त्याला विचारायला इतका वेळ लागला होता.

"सेमिसी, मी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला माफ करशील? तोंडाने सांग. काय वाटेल ते सांग."

शांतता झाली. पहिल्या शांततेसारखीच. फेलेती पोराच्या भुवयांकडे बघत राहिला. त्या हलल्या नाहीत. ओठ हलले, बराच वेळ नुसतेच हलले.

"नाही," सेमिसी म्हणाला.

"अरे!" मायका पुढे झाला.

"गप्प बस!" लोसालिने ओरडली. गालांवरून ओघळणारं पाणी तिने पुसलं नाही. "ऐक. सगळ्यांनी ऐका. तेव्हा खेळशील का म्हणून विचारलं असतं तर तेव्हाही हेच म्हणाला असता माझा पोरगा."

माळेला कुणी हात लावला नाही. फेलेती गुडघ्यांवर हात टेकून आपला आपणच उठला. गळ्यात पानं तशीच घेऊन तो व्हॅनपर्यंत गेला. सेमिसी अजून दारात उभा होता. फेलेतीने आत बसून दार दोन्ही हातांनी धरलं आणि हळू लावलं.